बागेतला आवाज ज्यांना ऐकू आला नाही

वसईहून आलेले पत्र, थोडक्यात:

"मी एकेचाळीस वर्षांची आहे. माहेरी आणि सासरी पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कॅथलिक आहोत. गेल्या उपवासकाळात मी प्रौढ वयात कॅथलिक झालेल्या माणसांच्या कथा वाचू लागले. संत ऑगस्टीन, कार्डिनल न्यूमन, एडिथ स्टाईन, डोरोथी डे. मोबाइलवर आजच्या माणसांच्या साक्षीही ऐकू लागले. सुरुवातीला मन भरून यायचे. आता प्रत्येक कथेनंतर रिकामे वाटते. मला कधी आवाज ऐकू आला नाही, मी काही सोडून आले नाही, माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नाही. मिस्साच्या उपासनेला बसते आणि घड्याळाकडे बघते. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, तरी त्या भाजीची टोपली घेऊन बाजारात जातात आणि परतताना पाच मिनिटे चर्चमध्ये शिरतात. त्यांना या कथा वाचून दाखवल्या, तर 'छान आहे' म्हणतात आणि कामाला लागतात. माझी श्रद्धा म्हणजे नुसती सवय आहे का? हे वाचन थांबवावे का? आणखी एक. कार्यालयातल्या मैत्रिणीने काय वाचतेस असे विचारले, तेव्हा मी विषय बदलला, कारण आपल्याकडे धर्मांतर हा शब्द निघाला की माणसे सावध होतात. लपवले याची खंत वाटते."

प्रिय भगिनी,

वाचन थांबवू नका. मात्र ज्या कथा तुम्ही वाचल्या आहेत त्याच पुन्हा एकदा, सावकाश आणि शक्य तर त्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांत वाचा, कारण तुम्हाला जिथे रिकामे वाटते तिथेच त्या कथांमध्ये तुमच्यासारखी माणसे उभी आहेत आणि सांगणारे बहुधा त्यांना वगळून पुढे जातात.

ऑगस्टीनची कथा घ्या. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत, अंजिराच्या झाडाखाली, तो रडत पडला होता. शेजारच्या घरातून 'घे, वाच' असे पुन्हा पुन्हा म्हणणारा लहान मुलाचा आवाज त्याने ऐकला. त्याने संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या ओळींवर त्याची नजर पडली. एवढे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ असते. त्याच दिवशी, बागेत जाण्याआधी, त्याच्या घरी एक पाहुणा येऊन गेला होता, हे मात्र फार थोड्यांना आठवते. या पाहुण्याचे नाव पोंटिशियानस. तो ऑगस्टीनसारखाच आफ्रिकेतला होता आणि सम्राटाच्या दरबारात अधिकारपदावर होता. खेळाच्या मेजावर पडलेले पुस्तक त्याने सहज उचलून पाहिले, ते पौलाच्या पत्रांचे निघाले तेव्हा त्याला आश्चर्य आणि आनंद वाटला, आणि बोलता बोलता त्याने एक आठवण सांगितली.

ट्रिअर शहरात असताना तो आणि त्याचे तीन सहकारी एका दुपारी तटाजवळच्या बागांमध्ये फिरायला गेले होते आणि फिरता फिरता दोघादोघांच्या जोड्या झाल्या. त्यांपैकी एक जोडी काही साधकांच्या झोपडीत शिरली आणि तिथे त्यांना इजिप्तच्या संत अंतोनीचे चरित्र सापडले. (आपल्या चर्चमध्ये ज्यांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होते ते पादुआचे संत अंतोनी फार नंतरचे, हे वाळवंटात राहिलेले तपस्वी.) ते चरित्र वाचता वाचताच त्या दोघांनी राजसेवा सोडून देवाला वाहून घेण्याचे ठरवले. त्यांना शोधत दुसरी जोडी आली, तिने सर्व ऐकून घेतले, मित्रांचे मनापासून अभिनंदन केले, आमच्यासाठी प्रार्थना करा असे सांगितले, स्वतःच्या स्थितीबद्दल अश्रू ढाळले आणि ती जड मनाने राजवाड्यात परत गेली. परत गेलेल्या त्या दोघांपैकी एक होता पोंटिशियानस.

भगिनी, येथे थोडे थांबा. या माणसाने आयुष्यातली सर्वांत थोर परिवर्तनाची घटना आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहिली आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यात दिसण्यासारखे काहीच घडले नाही. तो होता त्याच नोकरीत राहिला. ऑगस्टीन त्याच्याबद्दल एवढेच सांगतो की तो बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती होता आणि चर्चमध्ये वारंवार आणि बराच वेळ प्रार्थना करीत असे. आपण परत फिरलो ही गोष्ट त्याला लपवता आली असती, पण त्याने ती सांगितली आणि ती ऐकून ऑगस्टीनच्या मनाचा बांध फुटला. तुम्ही स्वतःला ऑगस्टीनच्या जागी ठेवून पाहता आणि बागेतला आवाज ऐकू येत नाही म्हणून खचता. तुमची जागा पोंटिशियानसची असू शकते, आणि ती जागा रिकामी असती तर पुढची कथा घडली नसती.

ही साखळी कुठून कुठे जाते तेही पाहण्यासारखे आहे. अंतोनी स्वतः तरुणपणी एकदा चर्चमध्ये गेला, तेव्हा 'तुला परिपूर्ण व्हायचे असेल तर जा, तुझे असेल ते विकून गोरगरिबांना दे' हे मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन वाचले जात होते आणि ते आपल्यासाठीच आहे असे समजून तो उठला. ते वाचन करणारा कोण होता हे कोणालाच ठाऊक नाही. बिशप अथनेशियसने अंतोनीचे चरित्र लिहिले, ते ट्रिअरच्या झोपडीत पोहोचले, तिथून पोंटिशियानसच्या तोंडून मिलानला आले, ऑगस्टीनने स्वतःची कहाणी 'कन्फेशन्स' या ग्रंथात लिहून ठेवली, आणि अकराशेहून अधिक वर्षांनी तो ग्रंथ स्पेनमधल्या आविला गावी कार्मेलाइट संघातल्या एका मठवासी भगिनीच्या हाती पडला. ती होती संत तेरेजा.

तेरेजाबद्दल मला अंमळ जास्तच सांगायचे आहे, कारण ती तुमच्या सर्वांत जवळची आहे. ती जन्माने कॅथलिक होती. १५३५ साली ती मठात गेली आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे तिची प्रार्थना कोरडी, ओढाताणीची राहिली. प्रार्थनेसाठी ठरवलेला तास कधी संपतो याकडेच आपले लक्ष असे आणि घड्याळाचे ठोके ऐकण्यासाठी कान टवकारलेले असत, हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. मिस्साला बसून घड्याळाकडे पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत आणि तुमच्या आधीचे एक नाव तर ख्रिस्तसभेने धर्मपंडित म्हणून गौरवलेल्या स्त्रीचे आहे. १५५४ च्या सुमारास, चाळिशीच्या आसपास, तिने ऑगस्टीनचा ग्रंथ वाचला आणि बागेतल्या त्या आवाजाच्या प्रसंगापाशी आली तेव्हा तो आवाज प्रभू आपल्यालाच देत आहे असे तिला वाटले. जी जन्मापासून आत होती तिला बाहेरून आत आलेल्या माणसाच्या कथेने जागे केले. परिवर्तनाची कथा जन्मजात श्रद्धावानाच्या काय कामाची, या प्रश्नाला मला याहून चांगले उत्तर माहीत नाही.

पुढे तेरेजानेही आपले आत्मचरित्र लिहिले आणि ते १९२१ च्या उन्हाळ्यात, जर्मनीतील बेर्गझाबेर्न येथे एका मैत्रिणीच्या घरी, एडिथ स्टाईनने वाचले. एडिथ ज्यू कुटुंबात जन्मलेली, हुसर्ल या तत्त्वज्ञाची विद्यार्थिनी आणि नंतर त्याची सहायक होती. १ जानेवारी १९२२ रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. अनेक ठिकाणी ही कथा एका रात्रीची म्हणून सांगितली जाते: रात्री पुस्तक हाती आले आणि सकाळी ती श्रद्धावान झाली. ऐकायला हे फार सुंदर वाटते, पण मोबाइलवर दहा मिनिटांत सांगितलेल्या साक्षींप्रमाणेच यातही वर्षे गाळली जातात आणि मग आपल्याला आपले आयुष्य विनाकारण मंद वाटू लागते. त्या उन्हाळ्याच्या पाच वर्षे आधी, १९१६ साली, एडिथ फ्रँकफुर्टचे कॅथेड्रल पाहायला गेली होती. ती आत असतानाच बाजारातून परतणारी एक बाई हातात टोपली घेऊन शिरली, गुडघे टेकून थोडा वेळ प्रार्थना करून निघून गेली. एडिथला हे अगदी नवे होते. तिने पाहिलेल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) आणि प्रॉटेस्टंट चर्चमध्ये माणसे उपासनेच्या वेळी येत असत. दिवसाच्या धांदलीतून कोणी रिकाम्या चर्चमध्ये, जणू ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलावेत तसे, येते हे तिने पहिल्यांदाच पाहिले, आणि आपण ते कधीच विसरू शकलो नाही असे तिने नंतर लिहिले.

तुमच्या पत्रातले सासूबाईंबद्दलचे वाक्य मी दोनदा वाचले ते यासाठी. त्या फ्रँकफुर्टच्या बाईला आयुष्यभर कळले नसेल की आपल्या मागे एक तरुण तत्त्वज्ञ उभी होती. डोरोथी डे हिच्या बालपणातही अशीच एक शेजारीण आहे. शिकागोत राहत असताना लहानगी डोरोथी मैत्रिणीला खेळायला बोलवायला तिच्या घरी गेली, तेव्हा मैत्रिणीची आई घरातली कामे आटोपून बिछान्याजवळ गुडघ्यांवर बसून प्रार्थना करीत होती. तिने मान वळवून मुले दुकानात गेल्याचे सांगितले आणि ती पुन्हा प्रार्थनेकडे वळली. पुढे मोठी पत्रकार झालेल्या, अनेक वळणे घेतलेल्या डोरोथीला ते दृश्य कायम आठवत राहिले. आणि तिच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, डिसेंबर १९२७ मध्ये, तिला शांती वाटली नाही, आनंदही वाटला नाही. ज्याच्यावर तिचे प्रेम होते अशा माणसाची साथ त्या निर्णयामुळे सुटली होती आणि आपण बरोबर करत आहोत याची खात्रीसुद्धा त्या क्षणी तिला नव्हती. हे तिने प्रांजळपणे नोंदवले आहे. कथेतला आनंद कथेतल्या माणसाला तेव्हाच मिळाला होता असे समजून आपण स्वतःला उणे लेखतो, म्हणून हे सांगितले.

आता वाचायचे कसे याबद्दल. संत इग्नेशियस हा सुद्धा जन्माने कॅथलिकच होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, लोयोलाच्या घरी तो महिनोन्‌महिने अंथरुणावर होता आणि त्याने मागितलेल्या वीरकथा घरात नसल्यामुळे त्याला ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे देण्यात आली. वाचताना त्याने एक बारीक गोष्ट टिपली: शौर्याची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवताना सुख वाटे, पण ती संपल्यावर मन कोरडे आणि असमाधानी राही, संतांसारखे काही करण्याचा विचार मात्र संपल्यानंतरही मनात प्रसन्नता ठेवून जाई. कथा वाचताना काय वाटते यापेक्षा पुस्तक मिटल्यावर काय उरते ते पाहायला तो शिकला. तुम्हीही तेच पाहत आहात, पण उरलेल्या त्या रिकामेपणाचा अर्थ लावायचा राहून गेला आहे.

मला वाटते की अशा वाचनानंतर दोन प्रकारची खंत उरते. एक खंत नेमकी असते. ऑगस्टीनला पोंटिशियानसचे बोलणे ऐकून जी लाज वाटली ती या जातीची होती. आपल्याला काय सोडायचे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते आणि तो ते वर्षानुवर्षे पुढे ढकलत होता. तुमची खंत जर अशी एखादी गोष्ट बोट दाखवून सांगत असेल, म्हणजे एखाद्या नात्यातला अबोला, टाळलेले पापनिवेदन, कोणाचे तरी देणे, तर तिचे ऐका आणि तेवढे एक काम करून टाका. दुसरी खंत नुसतीच 'मी तिच्यासारखी नाही' एवढे म्हणते आणि पुढे काहीच सांगत नाही. ती तुलनेतून येते आणि तिच्यामागे जाऊ नये. इग्नेशियसही प्रथम या तुलनेत सापडला होता. अमक्या संताने हे केले तर मीही करीन, अशा ईर्ष्येने त्याने मान्रेसा येथे केस आणि नखे वाढू दिली, उपास केले, मनाला पोखरणाऱ्या शंकांनी तो खचला आणि आठवडाभर अन्न न घेतल्यावर शेवटी त्याच्या धर्मगुरूने त्याला जेवण्याची आज्ञा केली. संतांची नक्कल करून संतपण येत नाही, हे त्याने स्वतःच्या देहावर शिकून घेतले आणि पुढे इतरांना शिकवले.

म्हणून वेग कमी करा. महिन्यातून एक कथा पुरे. ती बाप्तिस्म्याच्या क्षणापाशी थांबवू नका, पुढचेही वाचा. ऑगस्टीन ३८७ च्या ईस्टर जागरणाच्या रात्री संत अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतो तिथे बहुतेकांचे वाचन संपते, पण आपला ग्रंथ त्याने त्यानंतर दहाएक वर्षांनी, बिशप झाल्यावर लिहिला, आणि त्याच्या दहाव्या भागात तो अजूनही आपल्याला छळणाऱ्या गोष्टींची यादी देतो: खाण्यातला रस, लोकांनी केलेली स्तुती, भरकटणारे लक्ष. भिंतीवरची पाल माश्या पकडताना दिसली की आपले मन तिकडे जाते, असे तो लिहितो. ज्याला बागेत आवाज ऐकू आला त्याचेही लक्ष पालीकडे जात होते. न्यूमन हा इंग्लंडमधला अँग्लिकन धर्मगुरू; त्याच्या बाबतीतही मधली वर्षे वाचा. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी लिटलमोर येथे तो कॅथलिक झाला. 'लीड, काइंडली लाइट' ही त्याची प्रार्थना, जी गांधीजींच्या प्रिय प्रार्थनांपैकी एक होती, त्याने त्याच्या बारा वर्षे आधी, १८३३ साली, समुद्रप्रवासात लिहिली. त्या प्रार्थनेत तो दूरचे दृश्य मागत नाही, एक पाऊल पुरे म्हणतो. मग बारा वर्षे तो एकेक पाऊल चालला.

तुम्ही म्हणता की तुमच्याकडे गोष्ट नाही. वसईच्या लेकीने हे म्हणावे याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कोणाच्या मनात श्रद्धा होती, कोणाच्या मनात भीती आणि कोणाच्या मनात लाभाचा विचार, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही आणि आज आपण ते रंगवूनही सांगू नये. परंतु १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली, आणि त्यानंतर कॅथलिक राहण्यात राजाश्रयाचा लाभ उरला नाही. तरीही घराघरांत जपमाळ चालू राहिली. पिढ्यामागून पिढ्या कोणीतरी मुलांना क्रुसाची खूण करायला शिकवले, म्हणूनच ती तुमच्यापर्यंत आली. येण्याच्या कथा लिहिल्या जातात, राहण्याच्या कथा बहुधा लिहिल्या जात नाहीत. सवय हा शब्द तुम्ही तुच्छतेने वापरला आहे, पण मी तीस वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत आणि मन पूर्णपणे थकलेले असताना माणसाला गुडघ्यांवर आणून ठेवणारी ती सवयच असते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. तरीही हा कोरडेपणा बराच काळ टिकला आणि प्रार्थनेपलीकडे झोप, भूक, घरातला जीव यांवरही पसरू लागला, तर ती श्रद्धेची बाब मानून सहन करीत राहू नका. धर्मगुरूंशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

ईस्टर जागरणाच्या रात्री आपल्या धर्मग्रामात कोणा प्रौढाचा बाप्तिस्मा असेल तर तेथे आवर्जून उपस्थित राहा. त्या विधीत नव्याने येणाऱ्यांबरोबर आपण सर्व जण हातात मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. लहानपणी तुमच्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी जे उत्तर दिले होते ते तेथे तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने, एकेचाळिसाव्या वर्षी देता.

राहिली कार्यालयातली मैत्रीण. तुमचा संकोच मला समजतो आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. या कथा आपण जिंकल्याच्या आनंदात वाचत असू तर संकोच वाटायलाच हवा. प्रत्येक परिवर्तनाच्या मागे एक घर असते. १२ ऑक्टोबर १९३३ रोजी, आपल्या वाढदिवशी, एडिथ आईबरोबर सिनेगॉगमध्ये गेली; दुसऱ्या दिवशी ती कलोनच्या कार्मेल मठात जायला निघणार होती, आणि त्या रात्री तिची म्हातारी आई ओंजळीत तोंड लपवून रडली. आपल्या मराठीत तर मागे राहिलेल्या बाजूने लिहिलेली कहाणी आहे. रेव्हरंड टिळक कॅथलिक झाले नव्हते, १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो प्रॉटेस्टंट पंथात. पण त्यानंतरच्या ताटातुटीत लक्ष्मीबाईंवर काय गुदरले ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये ज्या निर्मळपणे लिहिले आहे, ते या विषयात रस असलेल्या प्रत्येक कॅथलिकाने वाचावे असे मला वाटते. आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

त्यामुळे मैत्रिणीला खरे तेच सांगा: देवाला शोधणाऱ्या माणसांच्या आठवणी वाचते आहे, त्यांत माझी मी कुठे आहे ते पाहते आहे. वाटल्यास शार्ल द फुकोची गोष्ट सांगा. हा फ्रेंच माणूस जन्माने कॅथलिक, तरुणपणी श्रद्धा गमावलेला. मोरोक्कोच्या प्रवासात मुसलमानांची प्रार्थनेतली तन्मयता पाहून त्याच्या मनात देवाचा प्रश्न पुन्हा जागा झाला आणि १८८६ साली पॅरिसमध्ये पापनिवेदन करून तो परतला. पुढे सहारात राहून त्याने कोणाला ओढून आणले नाही, शेजाऱ्यांचा भाऊ म्हणून तो जगला. ही कथा ऐकून तुमची मैत्रीण तिच्या आजीच्या पोथीबद्दल काही सांगू लागली तर विषय बदलू नका.

आणि सासूबाईंना आता कथा वाचून दाखवू नका. एखाद्या शनिवारी त्यांच्याबरोबर बाजारात जा, परतताना टोपली तुम्ही घ्या, आणि त्या चर्चमध्ये शिरतील तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवून मागच्या बाकावर बसा. घरी आल्यावर त्यांना विचारा की त्या पाच मिनिटांत त्या काय बोलतात. त्यांनी सांगितले तर मला लिहा. मी ते छापणार नाही, मला ऐकायचे आहे.